हँबर्गचा शनिवार-रविवार: आधी खरं बंदर, मग इवलीशी रेल्वे

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी घरात पहिल्याच उन्हाळ्यात भारतातून कोणीतरी येतं. आई-बाबा, सासू-सासरे, नाहीतर बहीण आणि तिची दोन पोरं. रजा शिल्लक नसते, पाहुण्यांना घरात बसवून ठेवायचं नसतं आणि हाताशी असतो फक्त शनिवार-रविवार. आम्ही हॅनोव्हरजवळ राहतो. आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आता ठरून गेलंय: हँबर्ग, आणि तिथलं मिनिआटूर वुंडरलांट, म्हणजे छोट्या रेल्वेची ती अफाट दुनिया. चार वेळा जाऊन आलो. पहिल्या खेपेला जे जे चुकता येईल ते सगळं चुकलं, म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, बाकी सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. वुंडरलांट सकाळी पाहू नका. दिवसभर खरं शहर पायाखाली घाला, खऱ्या बोटीत बसा आणि संध्याकाळी ते छोटं जग बघायला जा. त्यात हँबर्ग शहराचाही एक मोठा विभाग आहे. सकाळी ज्या धक्क्यावर उभे होतात तोच धक्का संध्याकाळी कमरेच्या उंचीवर दिसला की सत्तरीतला माणूससुद्धा ओरडतो, “अरे, हे बघ, आपण इथे होतो!” आधी छोटं आणि मग खरं असा क्रम लावला तर ही मजा हातची जाते.

पहिलं काम: तिकीट

हॉटेलच्याही आधी वुंडरलांटचं तिकीट काढा. आम्ही पहिल्यांदा नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, भर दुपारी, पावसात, तिकीट न काढता गेलो होतो. पाऊस पडला की अख्ख्या उत्तर जर्मनीला एकच कल्पना सुचते, हे तेव्हा कळलं. दाराशी भली मोठी रांग, आईचे गुडघे आणि परतीची ठरलेली गाडी. आत न जाताच परतलो. दोष कोणाचाच नव्हता, आमचाच होता.

तिकीट त्यांच्या संकेतस्थळावर वेळ निवडून काढायचं असतं. ती वेळ आत शिरण्याची. एकदा आत गेलात की बंद होईपर्यंत तुम्हाला कोणी हलवत नाही. वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं, पण उघडण्या-मिटण्याच्या वेळा रोज वेगळ्या असतात, म्हणून तुमच्या तारखेची वेळ बघूनच ठरवा. शनिवारी बहुधा रात्री उशिरापर्यंत चालू असतं, आणि तेच आपल्या कामाचं. संध्याकाळी पाचच्या आसपास आत शिरायचं. सातनंतर लहान मुलांची कुटुंबं पांगतात, कठड्याशी जागा मिळते आणि मग निवांत बघता येतं. चार तास धरा. तीन तासांत दमून बाहेर पडणारे असतात, पण सहा तासांनीही हात धरून बाहेर ओढावे लागणारे त्याहून जास्त. आमचा भाचा दुसऱ्या जातीतला.

मुलांचा फुकट प्रवेश वयावर नाही, उंचीवर ठरतो. एक मीटरपेक्षा कमी उंची असेल तर तिकीट नाही. घरी दाराच्या चौकटीला उभं करून मापून घ्या. पडद्यामागचं काम दाखवणारी फेरीही असते, तिचे पैसे वेगळे आणि जागा मोजक्या. अभियंता मंडळी सोबत असतील तर ती आधीच राखून ठेवा.

हॉटेलबद्दल एवढंच: मे महिन्याच्या सुरुवातीला बंदराचा वाढदिवस असतो (हँबर्गकर तो ११८९ सालापासून मोजतात), तेव्हा दर गगनाला भिडतात. मुख्य स्थानकाजवळचा सांक्ट गेओर्ग भाग सोयीचा आहे. श्टाइनडाम रस्त्यावर भारतीय-अफगाणी दुकानं आणि खाणं मिळतं, पण रात्री तिथे थोडी गडबड असते. म्हातारी माणसं सोबत असतील तर एक-दोन स्थानकं पलीकडे राहिलेलं बरं.

दुसरं काम: पोहोचणं

पाहुणे थेट हँबर्गच्या विमानतळावर उतरणार असतील तर तिथून एस-१ ही लोकल मुख्य स्थानकापर्यंत साधारण २५ मिनिटांत आणते. येताना काही अडचण नाही. अडचण जातानाची आहे, आणि ती नवख्या माणसाला कोणी सांगत नाही. विमानतळाकडे जाणारी गाडी ओल्सडॉर्फ स्थानकावर दोन तुकडे होऊन दोन दिशांना जाते. पुढचे तीन डबे विमानतळाला, मागचे पॉपेनब्युटेलला. आमचे सासरे बॅगा घेऊन शेवटच्या डब्यात आरामात बसले होते, कारण दादरला शेवटच्या डब्यात गर्दी कमी असते. ओल्सडॉर्फला घोषणा झाली, जर्मनमध्ये झाली, आणि सासरे पॉपेनब्युटेलला निघाले. विमान चुकलं नाही, पण घाम फुटला. तेव्हा फलाटावर पुढे चालत जा आणि पुढच्याच डब्यात चढा.

हॅनोव्हर, ब्रेमेन, ल्युबेक या बाजूंनी येणार असाल आणि डॉइचलांटटिकेट (देशभर चालणारा मासिक पास) असेल तर प्रादेशिक गाड्यांनी वेगळा पैसा न भरता येता येतं. आयसीई या वेगवान गाड्यांमध्ये ते चालत नाही. शहरातल्या बोटींनाही तेच तिकीट चालतं, ही गोष्ट पुढे कामाला येईल. पाहुण्यांसाठी गटाचं एका दिवसाचं तिकीट काढा. पाच जणांपर्यंत एकच तिकीट पुरतं आणि सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं.

शनिवार सकाळ: खरं बंदर

मुख्य स्थानकावरून यू-३ ही मेट्रो धरा आणि डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. रोडिंग्समार्क्टच्या आधी गाडी जमिनीखालून वर येते आणि मग उंच लोखंडी पुलावरून बंदराच्या कडेने धावते. दोन स्थानकांचा प्रवास, पण शहराची पहिली ओळख करून द्यायला याहून चांगलं काही नाही. लांडुंग्सब्र्युकेन इथे उतरा.

समोर माणसं हातात पत्रकं घेऊन “बंदराची सफर, बंदराची सफर” ओरडत असतात. त्या सफरी वाईट नाहीत, पण आपल्याला गरज नाही. ३ नंबरच्या धक्क्यावरून ६२ क्रमांकाची बोट सुटते. ती शहराची साधी बस आहे, फक्त पाण्यावरची, म्हणून खिशातलं तिकीट चालतं. वरच्या डेकवर बसा, जाकीट घालून. मासळी बाजार, काठावरच्या काचेच्या इमारती, पलीकडे जहाजं रिकामी करणाऱ्या क्रेन असं सगळं बघत अर्ध्या तासात फिंकेनवेर्डरला पोहोचता. येताना नॉयम्युलेनला उतरलात तर जुन्या बोटींचा छोटा धक्का आहे आणि पुढे चक्क वाळूचा किनारा. एवढाल्या कंटेनरच्या जहाजासमोर वाळूत बसून डब्यातले धपाटे खाणं हा आमचा नेहमीचा कार्यक्रम.

परत लांडुंग्सब्र्युकेनला आलात की जुना एल्ब बोगदा चुकवू नका. १९११ सालचा, ४२६ मीटर लांब, नदीच्या तळाखालून जाणारा. गोदी कामगारांना पलीकडे कामावर जाता यावं म्हणून बांधला. लिफ्टने खाली उतरायचं, पांढऱ्या फरशांच्या भिंतींमधून चालत पलीकडे जायचं. भिंतींवर मासे, खेकडे अशी चित्रं आहेत. पायी जाणाऱ्याला पैसे नाहीत. पलीकडच्या काठावरून हँबर्गचा जो फोटो मिळतो तो अलीकडून मिळत नाही.

मधेच हवेबद्दल एक शब्द. इथला पाऊस वरून येत नाही, आडवा येतो. छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते. टोपीचं जाकीट आणा आणि पाहुण्यांना सँडल घालू देऊ नका, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी.

दुपार: गोदामांची पेठ आणि पोटोबा

वुंडरलांट ज्या भागात आहे त्याचं नाव श्पाइखरश्टाट, म्हणजे गोदामांचं शहर. लाल विटांची सहा-सात मजली गोदामं, मधून कालवे. १८८३ पासून हे बांधायला घेतलं, त्यासाठी तिथे राहणाऱ्या हजारो लोकांना उठवलं, आणि लाकडी खांब चिखलात ठोकून त्यांवर हा डोलारा उभा केला. इथे कॉफी, चहा, मसाले, गालिचे साठवले जात. वर छपराशी कप्पीचे आकडे अजून आहेत. माल बोटीतून वर ओढून थेट त्या त्या मजल्याच्या दारातून आत घ्यायचे. २०१५ साली हा भाग जागतिक वारसा यादीत गेला.

इथे कार्यक्रम आखू नका, नुसतं भटका. पोगेनम्युलेन पुलावरून दोन कालव्यांच्या मधल्या इमारतीचं जे दृश्य दिसतं तेच हँबर्गच्या निम्म्या चित्रकार्डांवर असतं. संगीतगृहाची ती लाटांच्या छपराची इमारत, एल्बफिलहार्मोनी, जवळच आहे. २०१७ साली उघडली. तिच्या ३७ मीटर उंचीवरच्या सज्जात जायला मैफिलीचं तिकीट लागत नाही, फक्त वेळ घेऊन जा. वर नेणारा सरकता जिना वळणदार आहे, वरचं टोक खालून दिसतच नाही. पोरांना संगीतगृहापेक्षा तोच आवडतो.

खाण्याचं. मासे खाणाऱ्यांनी धक्क्यावर फिशब्र्योट्शन घ्यावं. पावात खारवलेला किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंग मासा आणि कांदा. सुरमईवर वाढलेल्या जिभेला पहिला घास विचित्र लागतो, दुसरा बरा लागतो. शाकाहारी माणसाने एक वाक्य पाठ करून जावं: “ओने फ्लाइश उंट ओने फिश.” मांस नको आणि मासाही नको. नुसतं “मांस नको” म्हटलं तर मासा समोर येऊ शकतो, कारण इथल्या बऱ्याच डोक्यांत मासा मांसात धरत नाहीत (आपल्या काही बंगाली मित्रांसारखंच). आणि फ्रांट्सब्र्योट्शन मात्र सगळ्यांनी खा. दालचिनी, साखर आणि भरपूर लोणी घालून चपटी दाबलेली ही हँबर्गची स्वतःची वळकटी. दोन घ्या, एक संध्याकाळी आतल्या भटकंतीत उपयोगी पडते.

संध्याकाळ: वुंडरलांट

पत्ता केअरवीडर २-४, यू-३ चं बाउमवाल स्थानक, तिथून पाच मिनिटं चालत.

आत शिरण्याआधी पाहुण्यांना एवढी गोष्ट सांगून ठेवा. २००० साली फ्रेडेरिक ब्राउन नावाचा माणूस झ्युरिकमध्ये फिरताना छोट्या रेल्वेच्या दुकानात शिरला आणि त्याला लहानपणचं वेड आठवलं. त्याने हँबर्गला जुळ्या भावाला, गेरिटला, फोन लावला: आपण जगातली सगळ्यात मोठी मॉडेल रेल्वे बांधूया. दोघे तेव्हा नाइट क्लब चालवत होते, त्यामुळे भावाला आधी वाटलं याचं डोकं फिरलंय. १६ ऑगस्ट २००१ ला दारं उघडली. आज रूळ सुमारे १६ किलोमीटर, गाड्या हजारावर, माणसांच्या आकृत्या अडीच लाखांहून अधिक.

मापाचं गणित मुलांना घालायला सोपं आहे. सगळं १ ला ८७ या प्रमाणात. सहा फुटी माणूस दोन सेंटीमीटरचा होतो आणि रेल्वेचा खरा डबा शाळेतल्या फूटपट्टीएवढा. पुण्याच्या मंडळींना हे माप नवं नाही. कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून याच मापावर चालतंय, आणि माझ्या मते मुलांना आधी ते दाखवलेलं असेल तर इथे ती डोळे विस्फारण्यापलीकडे जाऊन प्रश्न विचारतात.

आता बघायचं कसं. बहुतेक लोक पहिल्याच टेबलाशी अर्धा तास खिळतात आणि शेवटच्या विभागांपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात. तुम्ही उलटं करा. थेट कालव्यावरच्या बंद पुलावरून समोरच्या गोदामात जा. तिथे रिओ आहे, २०२१ च्या डिसेंबरात उघडलेलं. ते बघून सावकाश मागे या.

पुढे काय काय दिसेल त्याची यादी देत बसत नाही. पाच ठिकाणी मात्र थांबाच.

विमानतळाशी किमान वीस मिनिटं उभे राहा. सहा वर्षं खपून २०११ साली सुरू केला. विमान धावपट्टीकडे वळतं, दिवे लुकलुकतात, वेग घेतं आणि खरोखर जमीन सोडून वर जातं. बारीक दांड्यांच्या आधाराने उचललं जातं हे कळत असूनही दर वेळी अंगावर काटा येतो. एक गंमत करा: विमानाकडे न बघता त्याच्या भोवतीच्या गाड्यांकडे बघा. इंधनाचा टँकर येतो, सामानाची गाडी येते, ती निघाल्याशिवाय विमान हलत नाही.

मग क्नुफिंगेन. या नावाचं गाव नकाशात शोधू नका, ते यांनी मनाने वसवलंय. इथे थोड्या थोड्या वेळाने कुठेतरी आग लागते आणि अग्निशमनाच्या गाड्यांची फौज निळे दिवे लावून सुटते. रस्त्यावरच्या गाड्या रुळावर नाहीत, मग वळतात कशा, हा प्रश्न प्रत्येक बाबा विचारतात. उत्तर: रस्त्याच्या थराखाली बारीक तार पुरलेली आहे, पुढच्या चाकांपाशी चुंबक आहे आणि कुठे थांबायचं, कोणाला वाट द्यायची हे संगणक ठरवतो. आमच्या बाबांनी हे ऐकून फक्त एवढंच म्हटलं, “म्हणजे सिग्नल तोडता येत नाही.”

स्कँडिनेव्हियाच्या विभागात खरं पाणी आहे, ३० हजार लिटर, आणि त्यात जहाजं फिरतात. स्वित्झर्लंडमध्ये डोंगर मजला फोडून वर गेलाय, आणि तिथे एका बटणावर चॉकलेटचा कारखाना चालू होतो. शेवटी हातात खरं, छोटं चॉकलेट पडतं. रांग असते. बटणं सगळीकडे आहेत, कठड्याच्या कडेला, मुलांच्या उंचीला. पवनचक्की, गाय, काहीतरी हलतं. मुलं एरवी रेंगाळतात ती बटणांमुळेच.

आणि हँबर्ग. सकाळचा धक्का शोधा, संगीतगृह शोधा. त्याच्या भिंती उघडतात आणि आत वाजवणारा सगळा ताफा दिसतो.

दर पंधरा मिनिटांनी रात्र होते. छतावरचा प्रकाश निळा होत जातो, बोलणारे लोक आपोआप हळू बोलतात. आधी एका स्वयंपाकघरात दिवा लागतो, मग रस्त्याचे खांब, मग डोंगरावरून उतरणाऱ्या गाडीच्या खिडक्यांची माळ. एकदा मी एका घराच्या खिडकीशी वाकून पाहिलं तर आत जेवणाचं टेबल होतं आणि टेबलाशी चौघं बसलेली. ते मला दिवसा दिसलंच नसतं. एलईडी पाच लाखांच्या घरात आहेत, त्यामुळे प्रत्येक रात्र वेगळ्या विभागात उभं राहून बघा. मोबाइलचा फ्लॅश कृपा करून बंद ठेवा, शेजारच्याची रात्र बिघडते.

जाता जाता: बनवणाऱ्यांचा विनोद थोडा खट्याळ आहे. सूर्यफुलांच्या शेतात एक जोडपं आहे, कपड्यांशिवाय. सासऱ्यांना बारीक गोष्टी शोधायची सवय असेल तर त्या शेताजवळून तुम्ही जरा पटकन पुढे सरका.

सोयीचं थोडं. बसायला जागा कमी आहेत, म्हणून दर तासाला आतल्या उपाहारगृहात एक थांबा घ्या. जाड कोट बाहेर ठेवा, आत उकडतं. बाबागाडीपेक्षा बाळ अंगाशी बांधलेलं बरं, कठड्याशी माणसं दाटीने उभी असतात. गाड्या चालवणारा नियंत्रण कक्ष उघड्यावर आहे, पडद्यांची भिंतच, तिथे काम करणाऱ्यांना बघत उभं राहायला कोणी हरकत घेत नाही. रूळ सोडून पडलेली वाघीण काढायला माणूस डोंगराच्या भगदाडातून डोकं वर काढतो, तो क्षण मिळाला तर नशीब समजा.

बाहेर पडाल तेव्हा गोदामांवर दिवे लागलेले असतील. त्या विटांकडे बघताना काही मिनिटं सगळं खेळण्यातलं वाटतं. बाउमवालपर्यंत सावकाश चालत जा.

रविवार: लवकर उठा किंवा अजिबात उठू नका

मासळी बाजार रविवारी पहाटे भरतो. उन्हाळ्यात पाचला, नोव्हेंबर ते मार्च सातला, आणि साडेनऊला संपतो, ही १७०३ पासूनची पद्धत. रात्रभर जागलेली तरुण पोरं आणि पहाटे उठलेले आजोबा एकाच रांगेत कॉफी पितात. विक्रेते गाडीवर उभे राहून असे ओरडतात की मंडई आठवते. फळवाले टोपलीत अननस, आंबे, केळी भरत जातात, “आणखी एक! आणखी एक!” करत, आणि शेवटी एकच भाव सांगतात. साडेआठनंतर भाव पडतो. माशाचा वास सहन न होणाऱ्यांना झोपू द्या.

लक्षात ठेवा, रविवारी दुकानं बंद असतात, किराणासुद्धा. दूध, पाणी, बाळाचे डायपर शनिवारीच घ्या. अडलंच तर मुख्य स्थानकातली दुकानं उघडी असतात. सुटी नाणी जवळ ठेवा, स्वच्छतागृहाला लागतात. रिकाम्या बाटल्या टाकू नका, २५ सेंट परत मिळतात, फक्त त्यासाठी यंत्र उघड्या दुकानात हवं.

उरलेल्या वेळात नगरभवन बाहेरून बघा, शेजारी आल्स्टर तलावाची पाळ आहे, तासाभरात होतं. बॅगा हॉटेलातच ठेवून फिरा. स्थानकातली कुलूपबंद कपाटं दुपारपर्यंत भरलेली असतात.

आणि फळांची टोपली घ्यायची असेल तर आधी परतीच्या गाडीत कुठे ठेवणार याचा विचार करा. सासऱ्यांनी विचार केला नाही. वरच्या फळीवर मावली नाही, वाटेत ठेवली तर तिकीट तपासनीस अडखळला, शेवटी ती मांडीवर घेऊन बसले आणि समोरच्या अनोळखी जर्मन आजींनाही वाटत गेले. ऊल्त्सन येईपर्यंत केळी संपली होती.